अण्णांचा सोडा आणि भाच्याची बिअर

या सदरातून आम्ही आजवर शुद्धलेखनापासून कुंपणाच्या निवडुंगापर्यंत नाना विषयांवर लिहिले. बिअरवर लिहिण्याचा प्रसंग येईल असे मात्र कधी स्वप्नातही वाटले नव्हते. हा अंक आजीबाईंच्या उशाशी असतो आणि नातवंडांच्याही हाती पडतो, याची आम्हांस जाणीव आहे. म्हणून आरंभीच सांगून टाकतो की, आमची स्वतःची मजल सोड्यापलीकडे कधी गेलेली नाही. तरीही गेल्या वैशाखात, शाळेला सुटी असताना, गुंजीच्या घराच्या ओटीवर बसून आम्ही सलग सहा दिवस सातासमुद्रांपलीकडच्या एका बिअरच्या नळाची चिकित्सा करीत होतो. त्याला निमित्त झाली आमची धाकटी बहीण.

भगिनी त्या वेळी अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरी, आपल्या मुलाकडे सुनेच्या बाळंतपणासाठी गेलेली होती. नात झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप होती, बारशाचा दिवस ठरला होता. एका सोमवारी सकाळी साडेसहाला (म्हणजे त्यांच्याकडे रविवारची संध्याकाळ) आमचा फोन वाजला. पडद्यावर भगिनीचा चेहरा दिसला आणि चेहऱ्यावरूनच आम्ही ओळखले की काहीतरी बिनसले आहे.

"दादा, याला सांग माझं तिकीट बदलून दे म्हणून. मी परत येते गावाला."

"अगं, झालं तरी काय?"

"घरात नळ बसवलाय की रे. दारूचा!"

मागून भाच्याचा आवाज आला. त्याने फोन हाती घेतला आणि हताश मुद्रेने म्हणाला, "मामा, नळ बसवलाय हे खरं आहे. पण त्यातनं बिअर येतच नाही हो. नुसता फेस येतोय."

"माऊलीच पावली म्हणायची," भगिनी मागे म्हणाली.

प्रकरण असे होते. शनिवारी घरी रीतसर बारसे, पाळणा, घुगऱ्या, सगळे आपल्या पद्धतीने व्हायचे होते. रविवारी दुपारी मात्र शेजारची आणि कचेरीतली वीसेक मंडळी परसात यायची होती, आणि त्यांच्यासाठी भाच्याने हा खटाटोप मांडला होता. एक लहान फ्रिज, त्याच्या पोटात बिअरचे पोलादी पिंप, शेजारी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, त्यावर दाब दाखवणारा काटा, आणि पिंपातून निघून फ्रिजच्या डोक्यावरील खांबात शिरणारी एक पारदर्शक नळी. खांबाला तोटी. दुकानात जशी ताजी बिअर मिळते तशी घरी मिळावी, हा हेतू. तोटी उघडली की पेल्यात बोटभर बिअर आणि वर वीतभर फेस. काटा कमी केला, फेस वाढला. आणखी कमी केला, आणखी वाढला.

आता आम्ही काय करावे? भगिनीची अपेक्षा उघड होती: दादा हेडमास्तर आहे, चार शब्द सुनावील आणि नळ निघेल. आणि सुनावण्यासारखे आमच्याजवळ नव्हते असेही नाही. सरकारी मराठी शाळेतल्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत, बापाच्या पगाराच्या दिवशी गुत्त्याच्या दारात त्याची वाट अडवून उभी राहिलेली मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांतली एक मुलगी चौथीत वर्गात पहिली आली होती. पाचवीला ती आलीच नाही. दोनदा आम्ही तिच्या घरी गेलो. दुसऱ्या खेपेस घराला कुलूप होते. दारूचे नाव निघाले की आम्हांला ते कुलूप आठवते, आणि विनोद सुचत नाही.

हे सारे आम्ही भाच्याला सांगितले. त्याने मध्ये न बोलता ऐकून घेतले. मग म्हणाला, "मामा, तुमचं म्हणणं मला कळतंय. पिंप एकच आहे, वीस माणसांत संपेल, आणि नंतर ते रिकामं परत करायचं आहे. पण आईला वाटतं मी रोज पितो. चार दिवस झाले, ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते नि उठून जाते." थोडे थांबून त्याने जोडले, "आणि तुम्हीच लहानपणी अण्णांच्या दुकानात सोडा भरत होता म्हणून आई सांगते. फेसाचं काय करायचं तेवढं तुम्हांला ठाऊक असणार."

उपदेश एकदा करायचा असतो, तो झाला होता. आता समोर विद्यार्थ्याचा सरळ प्रश्न होता, आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणे आम्हांला आजवर जमलेले नाही.

आमच्या तीर्थरूपांचे, अण्णांचे, गुंजी स्टेशनाच्या वाटेवर सोड्याचे दुकान होते. लोंढ्याकडून येणाऱ्या गाडीचा उतारू दुकानासमोरून गावात जाई. दुकानात हाताने फिरवायचे एक लोखंडी यंत्र होते; जाळीच्या पिंजऱ्यात बाटल्या बसवायच्या, बेळगावहून आणलेल्या सिलिंडरातला वायू सोडायचा आणि चाक गरगर फिरवायचे. बाटल्या गोटीच्या. हिरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ साली या बाटलीचे पेटंट घेतले. बाटलीला झाकण नाही; आतला वायूच गोटीला गळ्यातल्या रबरी कड्यावर दाबून धरतो आणि स्वतःला कोंडून घेतो. इतकी साधी आणि इतकी चतुर युक्ती आम्ही पुढे फार थोड्या पुस्तकांत वाचली. पिंजऱ्याची जाळी मात्र शोभेची नव्हती. एकदा एक चिरलेली बाटली फुटली, तेव्हा जाळीतून निसटलेली काच अण्णांच्या मनगटात शिरली होती, आणि तो व्रण अखेरपर्यंत राहिला.

माऊलीच्या यात्रेत विक्री मोठी. एका यात्रेत आम्ही दोघा भावंडांनी, अण्णा मांडवात गेले असता, उन्हात राहिलेल्या पेटीतल्या बाटल्या गिऱ्हाइकांना फोडून दिल्या. गोटी दाबताच अर्धी बाटली फेस होऊन हातावरून वाहिली. गिऱ्हाईक रास्त बोलले: पैसे बाटलीचे दिले, सोडा अर्धाच मिळाला. अण्णा आले, त्यांनी कोणालाही रागावले नाही. पेटी विहिरीकाठच्या हौदात सोडायला लावली आणि म्हणाले, "फेस विकता येत नाही." मग आम्हांला बसवून सांगितले की सोड्याला तीन गोष्टी खपत नाहीत: ऊन, हिसका आणि घाण. पेला नेहमी गार पाण्यात बुचकळून घ्यायचा, कोरड्या पेल्यात सोडा उसळतो. आणि काही बिघडले तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने सुधारले ते कधीच कळत नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या त्या गृहस्थांना विज्ञानाची पद्धत कोणी शिकवली होती, देव जाणे.

अण्णांच्या उन्हाचे गणित आम्हांला पुढे पुस्तकात भेटले. शून्य अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड सामावतो. २० अंशांना त्याच्या जवळजवळ निम्माच. आणि विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०३ साली दाखवून दिले की, द्रवात किती वायू विरघळून राहील ते वरच्या दाबावर ठरते. म्हणजे द्रव गार हवा आणि दाब पुरेसा हवा. दोहोंपैकी एकाने दगा दिला की वायू बुडबुडे होऊन बाहेर येतो. सोड्याचा फेस क्षणात विरतो. बिअरचा मात्र जवातल्या प्रथिनांमुळे आणि हॉप्स नावाच्या कडू फुलांमुळे टिकून राहतो. म्हणून सोडेवाल्याच्या चुकीवर लवकर पडदा पडतो, आणि भाच्याची चूक पेल्यात मुक्काम ठोकून बसली होती.

तर आम्ही चौकशी आरंभली. पहिला प्रश्न: फेस पहिल्याच पेल्याला येतो की प्रत्येक पेल्याला? पहिल्यालाच येत असेल तर वरचा खांब आणि तोटी उबदार आहेत, एवढाच अर्थ. त्यांतून गार बिअर गेली की ती निवतात आणि पुढचे पेले ठीक भरतात. भाचा म्हणाला, प्रत्येक पेल्याला. दुसरा प्रश्न: पिंप कधी आणले? शनिवारी, गाडीच्या मागच्या भागात घालून, आणि आणल्याबरोबर जोडले. हिसका! तर पिंपाला दिवसभर स्वस्थ बसू द्यावे. तिसरा: तोटी किती उघडतोस? फेसाच्या भीतीने तो ती अर्धीच उघडीत होता. हे उलटे आहे. अर्धवट उघड्या तोटीच्या चिंचोळ्या फटीतून द्रव घुसळत येतो आणि फेस वाढतो. तोटी एका झटक्यात पूर्ण उघडावी, पेला तिरका धरावा.

मंगळवारी सकाळी पुन्हा फोन. पिंप स्थिरावले होते, तोटी पूर्ण उघडली होती, पेला बुचकळला होता. सुधारणा चार आण्यांची. आमच्या सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "एवढंच शिकवायचं राहिलं होतं तुमचं."

"फ्रिज किती गार आहे?" आम्ही विचारले.

"३८ अंश, मामा. पुस्तिकेत आहे तेवढंच." अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले सुमारे साडेतीन.

"कशाचे ३८? हवेचे की बिअरचे?"

फ्रिजचा आकडा हवेचा होता. आम्ही त्याला पेलाभर पाणी आत ठेवून त्यात तापमापक रात्रभर बुडवून ठेवायला सांगितले. बुधवारी पाण्याने सांगितले ४३. दिवसातून दहा वेळा दार उघडून पाहणाऱ्याच्या फ्रिजचे दुसरे काय होणार? फ्रिज खाली उतरवून पुन्हा रात्रभर वाट पाहिली. इतक्या मोठ्या पिंपातला द्रव तासाभरात निवत नाही, हे भाच्याला पटवण्यातच निम्मा फोन गेला.

गुरुवारी पाणी ३८ वर आले होते आणि फेस निम्म्याने उतरला होता, पण गेला नव्हता. आता आम्ही त्याला विजेरी घेऊन ती पारदर्शक नळी पाहायला लावली. बुडबुडे कुठे दिसतात? तोटीजवळ दिसले तर खांब उबदार. पिंपाजवळच दिसले तर बिअर पिंपातून निघतानाच वायू टाकते आहे, म्हणजे दाब कमी पडतो आहे, किंवा सांध्यातला रबरी वॉशर खराब आहे. बुडबुडे पिंपापाशी होते. वॉशर नवा होता.

"काटा किती?"

"५. आधी १२ होता, पुस्तिकेप्रमाणे. फेस येतो म्हणून मी उतरवत आणला."

हीच ती चूक, आणि ती इतकी साहजिक आहे की तिच्याबद्दल कोणाला हसू नये. फेस जास्त म्हणजे जोर जास्त, असे कोणालाही वाटते. वस्तुतः कारखान्याने ठरावीक दाबाखाली बिअरमध्ये वायू मुरवलेला असतो. आपण दाब त्याहून कमी ठेवला की वायू मोकळा होऊ लागतो, नळीत बुडबुडे धरतात, आणि पेल्यापर्यंत पोहोचण्याआधीच निम्मी बिअर फेस झालेली असते. काटा पुन्हा १२ वर नेला. बुडबुडे कमी झाले. नाहीसे झाले नाहीत. इथे आमची विद्या संपली. पुस्तिकेचा दाब, पुस्तिकेचे तापमान, नवा वॉशर, आणि तरीही बुडबुडे!

आम्ही विचारात पडलो असता भगिनी पडद्यावर आली. मुलाशी ती अद्याप बोलत नव्हती, पण आमच्याशी बोलायला तिला विषय हवाच असतो.

"दादा, इथली तुरीची डाळ काय कामाची नाही बघ. पातेल्यात तास तास उकळली तरी डोळे वटारून बघत बसते. सूनबाई म्हणते, कुकर लावा. आपल्याकडं अशी कुठली डाळ असते?"

आम्ही ताडकन उठून बसलो. सहावीच्या मुलांना इतक्या वेळा सांगितलेली गोष्ट आमच्याच ध्यानात आली नव्हती. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर, बरोबर एक मैल उंच आहे. आपले बेळगाव सुमारे अडीच हजार फुटांवर. समुद्रकाठी हवेचा दाब दर चौरस इंचाला सुमारे १४.७ पौंड असतो, तिथे तो जेमतेम १२. त्यामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे ९५ अंशांनाच उकळते आणि डाळ शिजत नाही. आणि सिलिंडरावरचा काटा दाखवतो तो दाब बाहेरच्या हवेच्या वरचा! हवाच अडीच पौंडांनी हलकी असेल, तर पुस्तिकेच्या १२ मध्ये अडीच घालायला हवेत. पुस्तिका समुद्रकाठच्या हिशेबाची होती. दर २,००० फुटांना सुमारे १ पौंड, हे ढोबळ प्रमाण.

"तुझ्या आईनं उत्तर सांगितलं," आम्ही भाच्याला म्हणालो. "काटा साडेचौदा कर."

त्याने केला. नळी स्वच्छ दिसू लागली. पण आता बिअर तोटीतून पिचकारीसारखी उडाली आणि पेल्यात आपटून पुन्हा फेसाळली. मात्र हा फेस निराळ्या जातीचा, आणि त्याचे कारण उघड होते: नळी अवघी पाच फूट. लांब अरुंद नळी प्रवाहाला घासून त्याचा जोर शोषते. आखूड नळी शोषत नाही. अशा वेळी दाबाला हात न लावता नळी वाढवावी. भाच्याने त्याच जाडीची बारा फुटी नळी आणून गुंडाळी करून फ्रिजमध्येच ठेवली, म्हणजे तीही गार राहते. शुक्रवारी सकाळी त्याने पडद्यासमोर पेला भरून दाखवला: खाली सोनेरी, वर दोन बोटे पांढरी साय. तेवढी साय हवीच म्हणतात. पहिल्या पेल्याला अजून थोडा जास्त फेस येई. खांबात गार हवा फुंकणारा लहान पंखा बसवला की तोही जातो, पण तेवढ्यासाठी आता वेळ नव्हता. तोटी आणि नळी दर पंधरवड्याला धुवावी, आणि सिलिंडर बंद खोलीत गळत नाही ना ते साबणाच्या पाण्याने पाहावे, हे आम्ही दोनदा बजावले. अण्णांचे मनगट डोळ्यांसमोर होते.

भगिनी पडद्याच्या कडेला उभी होती. आम्ही तिला एक गोष्ट सांगितली. १७६७ च्या सुमारास जोसेफ प्रीस्टली नावाचे एक धर्मोपदेशक लीड्स गावी बिअरच्या कारखान्याशेजारी राहायला गेले. आंबणाऱ्या पिंपांवर तरंगणारा वायू त्यांनी पाण्यात मुरवून पाहिला, आणि १७७२ साली तशा पाण्याची कृती छापली. आपला सोडा जन्मला तो असा, बिअरच्या शेजारघरी.

"म्हणजे अण्णांचा धंदा याच्याच पोटचा म्हण की," ती म्हणाली. तिला ते आवडले नाही. पण थोड्या वेळाने तिनेच मुलाकडे वळून विचारले, "या नळातनं नुसता सोडा येईल काय रे?"

पाच दिवसांतला तो तिचा त्याच्याशी पहिला शब्द. आम्ही फोन कानापासून दूर धरून उगाच अंगणाकडे पाहत राहिलो.

येतो, का न यावा? भाच्याने एक जुने लहान पिंप मिळवले, गाळलेले गार पाणी भरले, त्याच सिलिंडरावर जोडले. सोडा भरताना हिसका चालतो, किंबहुना हवाच. अण्णांचे चाक तरी दुसरे काय करीत होते? शनिवारी, बारशाच्या दिवशी पहाटे, माय-लेकांनी ते पिंप मांडीवर आडवे घेऊन अर्धा तास डोलवले आणि मग रात्रभर विश्रांतीस ठेवले. फ्रिजच्या तोटीला हात न लावता हातात धरायची एक साधी प्लॅस्टिकची तोटी लावली. रविवारी परसात एका मेजावर भाचा आणि दुसऱ्या मेजावर भगिनी, लिंबे, मीठ, साखर आणि इथून नेलेले आगळ घेऊन. तिच्या मेजापुढेही रांग होती, असे सूनबाईंनी पाठवलेल्या छायाचित्रात दिसते. बिअरचे पिंप संध्याकाळपर्यंत संपले नाही, आणि उरलेल्यासकट सोमवारी परत गेले. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. ती ठरल्या तारखेलाच, आषाढात परतली.

सोमवारचा फोन मात्र तक्रारीचाच होता.

"दादा, सोडा मवाळ झाला बघ. अण्णांचा कसा नाकात जायचा. हा जात नाही."

"मामा," मागून भाचा, "दाब तीस करू काय?"

"त्या तोटीची नळी किती फूट आहे?"

"तीन."

"मग आधी नळी आण," आम्ही म्हणालो.